डावीकडे ओढते का?

आमच्या घरमालक काकांच्या गाडीतून जो कोणी उतरायचा, त्याला ते एकच प्रश्न विचारायचे. "डावीकडे ओढते का?"

जो कोणी म्हणजे अगदी कोणीही. पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, समोरच्या दुकानातले शेठ, पायी निघालेला पोस्टमन. काका गाडी थांबवून त्यांना आत घ्यायचे, भोरच्या चौपाटी चौकापर्यंत किंवा एसटी स्टँडपर्यंत सोडायचे, आणि माणूस दार उघडून खाली उडी मारत असतानाच प्रश्न यायचा. उडीच मारावी लागे, कारण ती गाडी उंच होती. "बरी आहे" असं उत्तर त्यांना चालत नसे.

एकदा माझे वडील हिर्डोशीहून मला भेटायला आले होते. काका त्यांना हौसेने स्टँडवरून घेऊन आले. वडिलांचा जन्म भातखाचरात गेलेला, गाडीत पुढच्या सीटवर बसायची त्यांची बहुतेक पहिलीच वेळ. उतरल्यावर काकांनी विचारलं तसे ते घाबरले. आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटलं.

"मला काय ठावं, साहेब. बरी हाय की."

"बरी हे उत्तर नाही. डावीकडे, उजवीकडे, की सरळ?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग जपून म्हणाले, "रस्त्यावरनंच चालली व्हती."

काकांनी मान हलवली आणि वडिलांची पिशवी स्वतः उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली. वडिलांना खुर्चीवर बसवलं, स्वतः पायरीवर बसले. "आमचे सर फार चांगलं शिकवतात," असं त्यांना सांगितलं. मी घरातला पहिला पदवीधर. भोरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला तेव्हा थोडेच महिने झाले होते. मला 'सर' म्हणणारा पहिला मोठा माणूस म्हणजे काका, आणि वडिलांच्या देखत तसं म्हणणारे तर तेच एकटे. त्यामुळे त्या गाडीपायी त्यांनी मला पुढे जो काही त्रास दिला, त्याबद्दल मला कधी रागावता आलं नाही. थकलो मात्र खूप.

काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. भाजीबाजारातून ते चालले की जुने विक्रेते अजून तराजूतला बटाटा काढून पारडं मोकळं करायचे. कारण काकांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. ते वजन ठेवून काटा तपासत नसत. आधी रिकामा काटा बघायचे. दोन्ही पारडी पुसायची, पंखा बंद करायला लावायचा, आणि काटा थरथरून थांबेपर्यंत तिथे उभं राहायचं. "रिकामा असताना जो खोटं बोलतो, तो भरल्यावर काय खरं बोलणार?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, सांगता येत नाही. घरातही तेच. चहाचा कप बशीत ठेवण्याआधी बशी हलते का ते बघायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात बी ह्यांनी आंतरपाट सरळ धरलाय का ते बगितलं आसंल."

काकूंचं माहेर वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या पोटातली एक छोटी वाडी. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. त्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्कांचं लग्न वाडीतच झालेलं. नवरा गेला, मुलगा चाकणला कंपनीत, घरी त्या आणि सून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. वाडीला डांबरी रस्ता नव्हता. जिथे एसटी थांबते तिथून पुढे सगळी दगडांची चढण, आणि आक्कांना आता एवढं उतरून येणं जमत नव्हतं.

एका उन्हाळ्यात काका त्यांना म्हणाले, "आक्का, मी गाडी तुमच्या दारात आणतो. भोरला नेऊन ऑपरेशन करतो. शब्द माझा."

आमच्याकडे अशा शब्दाला फार किंमत असते. घरच्या पाहुण्याने नेतो म्हटल्यावर दुसऱ्याच्या गाडीने निघून जाणं म्हणजे त्याला खाली बघायला लावणं. मुलगा एकदा चाकणहून भाड्याची जीप घेऊन येतो म्हणाला, तर आक्कांनीच त्याला गप्प केलं. "पाव्हणं येनार हायत. त्यांचा सबुद हाय."

काका शब्दाला जागायला लगेच निघाले होते. पण त्या चढणीवर गाडीचं पोट दगडावर बसलं, खालून तेल गळायला लागलं, आणि ट्रॅक्टरने ओढून गाडी खाली आणावी लागली. दुसरा कोणी असता तर जीप सांगितली असती. काकांनी पुण्याच्या एका गॅरेजमध्ये नेऊन गाडी उंच करून आणली. चाकं मोठी, स्प्रिंगा नव्या. येताना वाडीवरून तांदळाची पोतीही आणता येतील म्हणून त्यांनी मुद्दाम जास्त वजनाच्या, जाड स्प्रिंगा मागून घेतल्या होत्या. गल्लीत गाडी उभी राहिली तेव्हा शेजारची मंडळी बघायला आली. काकूंना चढायला न्हाणीतलं स्टूल आणावं लागलं.

त्याच रविवारी आम्ही आक्कांना आणायला निघालो. काका, काकू आणि मागे मी.

कापूरहोळला हायवेला लागलो आणि बाजूने एक मोठा ट्रक गेला. गाडी अशी हलली की काकूंनी दाराचा दांडा धरला तो सोडलाच नाही. वळण घेतलं की गाडी एका बाजूला कलायची, आणि वळण संपलं तरी स्टेअरिंग आपोआप सरळ होत नसे, काकांना ते ओढून आणावं लागे. नसरापूरच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला, वळणं वाढली. काकांच्या कपाळावर आठ्या होत्या, पण त्या रस्त्यासाठी नव्हत्या. ते काटा तपासत होते. एका सरळ तुकड्यावर त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले आणि गाडी कुठे जाते ते बघायला लागले. गाडी डावीकडच्या चरीकडे निघाली.

मार्गासनीच्या आसपास काकू म्हणाल्या, "थांबवा."

खाली उतरून त्यांना उलटी झाली. तोंड धुऊन त्या एका टपरीपाशी बसल्या. समोरून नसरापूरची एसटी आली तशी त्यांनी हात केला, आणि आम्हाला काही न सांगता चढल्या. परतीच्या सगळ्या रस्त्यावर पुढे एसटी, मागच्या काचेत काकूंचा पदर, आणि मागे आमची उंच गाडी. नसरापूरला त्या उतरल्या आणि तशाच भोरच्या गाडीत जाऊन बसल्या. काकांनी त्यांना बोलावलं नाही. मला एवढंच म्हणाले, "डावीकडे ओढते, सर. तुम्ही पाहिलंत ना?"

त्यानंतर काकू त्या गाडीत बसल्या नाहीत. आणि गाडी सरळ झाल्याशिवाय काका वाडीवर जायला तयार नव्हते.

इथून आमचे रविवार सुरू झाले.

नसरापूरच्या गॅरेजवाल्याने चाकांचे कोन जुळवून दिले. ओढ कमी झाली, पण स्टेअरिंग वळणानंतर सरळ येईना. मग पुढच्या सांध्यांतली रबरं बदलली, तेव्हा ते थोडं येऊ लागलं, पण मागचा भाग भरकटल्यासारखा वाटू लागला. गाडी उंच केल्यामुळे मागचा आख एका अंगाला सरकला होता. त्याचा आडवा दांडा लांबी कमी-जास्त करता येईल असा बनवून घेतला. मग शॉकॲब्सॉर्बर. मग चाकातली हवा कमी, मग जास्त. प्रत्येक रविवारी एकच गोष्ट बदलायची, हा काकांचा नियम. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यात चूक काढता येत नव्हती. मी शाळेतून ओळंबा आणि मोठा कोनमापक आणून देत असे, आणि पुढच्या सीटवर बसून काका हात सोडतील तेव्हा किती लांब गेल्यावर गाडी पांढऱ्या पट्टीला लागते ते सांगत असे.

दर वेळी गाडीच्या परीक्षेआधी ती रिकामी करायची. जॅक, पाने, स्टेपनी, पायपुसणी सगळं ओट्यावर निघायचं. पुढे तर त्यांनी मागचं सीटसुद्धा खोलून काढलं आणि ते माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. डॅशबोर्डवरचा छोटा गणपती ते हात जोडून उचलायचे आणि काकूंकडे द्यायचे.

"द्येवाचं बी वजन व्हतं व्हय?" काकूंनी एकदा विचारलं.

"सगळ्याचं होतं."

"मग सरांचं?"

"सरांचं मी धरलेलं आहे."

गॅरेजवाला हात पुसत आम्हाला लांबूनच बघायचा. "आलं का पेशंट," असं म्हणायचा. एकदा वैतागून बोलला, "काका, गाडी हाय तशी ऱ्हाऊ द्या. तुमालाच येकदा अलाइनमेंटला लावू या." काका हसले नाहीत. त्याने गाडी थोडी खाली घ्यायचंही सुचवून पाहिलं. काका म्हणाले, मग चढणीवर पोट लागेल. तेही खरं होतं.

पावसाळ्यात वाडीचा रस्ता तसाही बंद. पावसाळा गेला. दिवाळीला आक्कांचा मुलगा चाकणहून येऊन गेला, पाहुण्यांचा शब्द आहे म्हणून तोही निवांत राहिला. आक्का फोनवर काकूंना म्हणायच्या, "मला आता मानूस आवाजावरनं वळखू येतंय. घाई न्हाई." काकू फोन ठेवून स्वयंपाकघरात जायच्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज यायचा.

एकदा त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. भिंतीला टेकवलेल्या सीटकडे बघत म्हणाल्या, "सर, तुमी त्यांना सांगा की. दुसऱ्याची जीप घिऊ. मी सांगितलं तर त्यांचा मान जातोय."

मी सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "या रविवारी मागची रबरं बदलतोय, सर. एवढं बसलं की झालं. अर्धवट गाडीत आक्कांना कसं बसवू? त्यांना दिसत नाही, त्यांनी धरायचं कशाला?"

हे ते मनापासून बोलत होते. त्यांना काळजी नव्हती असं कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. बाजारात कोणाला पावशेर कमी मिळालं तर ज्या माणसाला जेवण जात नसे, तो आक्कांना विसरेल कसा? पण त्यांना काळजी करायची एकच रीत येत होती.

थंडी सरत आली होती. सकाळी शाळेला निघता निघता मी काकूंचा आवाज ऐकला. आक्कांच्या सुनेचा फोन आला होता. आक्कांनी चुलीवरच्या उकळत्या पातेल्यात हात घातला होता. पातेलं त्यांना दिसलंच नव्हतं. हात भाजला तो भाजला, पण दोन दिवसांपासून एक डोळाही दुखत होता, लाल झाला होता, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

काकू पिशवी घेऊन ओट्यावर आल्या. काका गाडीखालून बाहेर आले.

"गाडी काढा," काकू म्हणाल्या.

"अगं, पुढच्या चाकाचा अजून—"

"काढा."

मी शाळेला फोन केला. काका आणि मी माझ्या खोलीतून सीट आणून बसवलं. बोल्ट काकांनीच आवळले, एकही पुन्हा न तपासता. स्टेपनी, जॅक, सगळं आम्ही आत फेकलं. काकू स्टूलवर पाय ठेवून पुढे चढल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

वाटेत गाडी हलत होती, तेवढीच. काकूंचे डोळे मिटलेले आणि ओठांशी पदर. मार्गासनी गेलं, वेल्हं गेलं. दगडांच्या चढणीला गाडी लागली आणि तिथे मात्र ती कुठेही न अडकता, एकदाही पोट न घासता, आक्कांच्या दारात जाऊन उभी राहिली. हे ती त्या पहिल्या रविवारीही करू शकली असती.

आक्का तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या. हाताला हळद आणि फडकं. "आलं का पाव्हणं?" त्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. "म्या सुनंला म्हनलं, येनार म्हंजी येनार."

काका त्यांच्या पाया पडले. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून आक्कांनी सुनेकडून तांदळाची दोन पोती बांधून ठेवली होती. शेजारच्यांना गाडी भोरला चालली असं कळलं तसं त्यांनीही पोती आणली, कोणाचं लेकीकडे द्यायचं, कोणाचं नसरापूरला. एरवी काकांनी हात जोडून नाही म्हटलं असतं. त्या दिवशी ते बाजूला उभे राहिले आणि लोकांनी गाडी भरली. मागच्या सीटवर आक्का, काकू आणि सून. मी पुढे.

ओझ्याने गाडी मागून खाली दबली. चढण उतरून आम्ही डांबरीवर आलो.

पहिल्या वळणाला मला कळलं नाही. दुसऱ्याला कळलं. वळण संपलं आणि स्टेअरिंग काकांच्या तळव्याखालून आपोआप सरळ झालं. गाडी कलत नव्हती. मार्गासनीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर ती पट्टीला धरून, सुतात चालली होती. जाड स्प्रिंगा ओझ्यासाठीच होत्या. मागे वजन पडलं की त्या दबणार, पुढच्या चाकांचा कोन बदलणार, आणि गाडी सावरणार. मी विज्ञान शिकवतो, तरी इतक्या रविवारी मला हे सुचलं नव्हतं. आम्ही ती कधी भरलीच नव्हती.

काकांना माझ्याआधी कळलं असावं. त्यांनी आरशातून मागे पाहिलं. काकू आक्कांचा भाजलेला हात मांडीवर धरून बसल्या होत्या आणि दोघी सुनेच्या माहेरच्या कोणाबद्दल बोलत होत्या. काकूंचे डोळे उघडे होते. काकांनी नजर काढून घेतली. हायवेला ट्रक बाजूने गेला, गाडी जागची हलली नाही. भोर येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू जास्त पिकून डाव्या डोळ्यात दाब वाढला होता. उजव्याचं ऑपरेशन होईल, चांगलं दिसेल. डाव्याची नजर आता येणार नाही. "आधी आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले, दुसऱ्या कागदाकडे वळता वळता. रोज कितीतरी लोकांना तेच म्हणावं लागत असणार.

घरी आल्यावर काकूंनी चहा केला. काकांनी आपला कप घेतला, बशीकडे बघितलंच नाही, आणि तसाच थंड होऊ दिला. मी माझ्या खोलीत गेलो. भिंतीला जिथे सीट टेकलेलं असायचं तिथे चुना निघून एक लांब पट्टा उमटला होता. मला काकांकडे जाऊन काहीतरी बोलायचं होतं. मोठ्या माणसाला अशा वेळी काय म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि मी गेलो नाही.

ऑपरेशननंतर सून वाडीला परत गेली, आक्का होळीपर्यंत भोरला राहिल्या. काका त्यांना रोज सकाळी औषध घालायचे, बाटली डोळ्यावर धरून थेंब पडायची वाट बघायचे. गाडी दारात उभी असायची. लोक चौपाटीपर्यंत सोडा म्हणायचे, ते सोडायचे, आणि माणूस उतरला की "बरं" म्हणून गाडी वळवायचे. पोस्टमनने मला विचारलं, "काकांची तब्येत बरी हाय ना?"

मग आक्कांना परत सोडायला निघालो. यावेळी आक्का हट्टाने पुढे बसल्या, काकू आणि मी मागे. सामान थोडंच होतं, त्यामुळे गाडी पुन्हा जराशी हलत होती. आक्का उजव्या डोळ्याने सगळं बघत होत्या, दुकानं, पूल, नवी घरं, आणि मोठ्याने नावं घेत होत्या. वेल्हं मागे पडलं. चढण आली. त्याच दगडांवरून गाडी वर चढायला लागली.

"पाव्हणं," आक्का म्हणाल्या, "गाडी तर झ्याक हाय की वो. मग येवढं दिस काय बिगडलं व्हतं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या सहज विचारत होत्या. काकांनी गिअर बदलला. गाडी दगडावरून एका अंगाला कलली आणि सरळ झाली.

मागून काकू म्हणाल्या, "गाडीला काय न्हाई झालं, आक्का. रस्ता न्हवता. आत्ता केलाय."

आक्कांनी खिडकीतून खाली पाहिलं. दगड तेच होते, मधली घळही तशीच. त्या एका डोळ्याने बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ब्येस केलाय."